कागदावर नसलेली सात वर्षं

आमच्या हार्बरात शनिवारी घेवडा चुकत नाही. शुक्रवारी भिजत घालायचा, सकाळी काकवी, मोहरी आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा टाकून ओव्हनमध्ये ढकलायचा आणि संध्याकाळी पाचला घरच्या सगळ्यांनी टेबलाशी यायचं. भांडण असलं तरी यायचं. असलं तर नक्कीच यायचं, कारण तोंडात घास असला की माणूस चार शब्द कमी बोलतो, असं ग्रॅमीचं मत होतं. ग्रॅमी म्हणजे आल्मा, मर्लची आई आणि त्याची बायको लोर्ना हिची सासू. वय अठ्ठ्याऐंशी. ऐकू कमी यायचं, पण नेमकं जे ऐकू नये ते बरोबर यायचं.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी लोर्नानं पहाटे साडेतीनला घेवडा ओव्हनमध्ये ठेवला आणि ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला गेली. दोनशे चाळीस न्याहाऱ्या, तेवढीच जेवणं. परत आली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. कोट न काढताच ती खुर्चीत बसली आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिली. हाताचे दोन्ही अंगठे मुळाशी इतके दुखत होते की बटणं काढायचाही कंटाळा आला होता.

जानेवारीत ती बासष्टची होणार होती. बासष्ट पूर्ण झाले की सरकारी पेन्शन सुरू करता येतं. ही तारीख तिनं गेली तीन वर्षं मनाशी धरून ठेवली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते या सोमवारी, फोनवर, ट्रीनाला. आणि ट्रीना म्हणाली होती, "आई, घाई करू नकोस. शनिवारी येते. बाबांचेही कागद काढून ठेव."

ट्रीना म्हणजे थोरली. तालुक्याच्या गावी लोकांचे कराचे कागद भरून द्यायचा तिचा धंदा. ती पावणेपाचलाच आली, हातात फाईल घेऊन. पाठोपाठ धाकटा कोल्बी आला, अंगाला आमिषाच्या हेरिंग माशांचा वास घेऊन. वसंतात मर्लचे गुडघे कामातून गेले तेव्हा त्यानं शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडायची बोट कोल्बीला हप्त्यांवर दिली होती. कोल्बी तिचे पैसे दरमहा फेडत होता, आणि दरमहा थोडं कुरकुरतही होता.

"केंड्रा कुठाय?" लोर्नानं सुनेबद्दल विचारलं.

"घरी. बाळाला ताप आहे. आणि दमलीय गं ती. आज दोनशे सापळे ओढले आम्ही."

मर्ल टेबलाच्या डोक्याशी बसला होता. चाळीस वर्षं बोटीचा मालक, त्यामुळे कुठंही बसला तरी सुकाणूपाशी बसल्यासारखा बसायचा. "फाईल कसली आणलीस? जेवण आहे का कोर्ट?"

"दोन्ही," ट्रीना म्हणाली आणि तिनं ताटं वाढायच्या आधीच दोन कागद टेबलावर ठेवले.

"जेवताना कागद नकोत," ग्रॅमी म्हणाली.

"ग्रॅमी, तुझा घेवडा गार होणार नाही. पाच मिनिटं." ट्रीनानं चष्मा लावला. "आई, हे बघ. तू जानेवारीत सुरू केलंस तर महिन्याला चौदाशे डॉलर. सदुसष्टपर्यंत थांबलीस तर दोन हजार. सत्तरपर्यंत थांबलीस तर जवळजवळ पंचवीसशे. आणि एकदा सुरू केलं की तो आकडा जन्मभराचा. बाबा आधी गेले तरी तुला तोच, तू आधी गेलीस तर बाबांचंही त्यावरूनच ठरणार."

"सत्तर!" कोल्बी हसला. "आईला काय तिथंच पुरायचंय, रुग्णालयाच्या मागं?"

"तू गप्प. तुझा हेतू कळतोय मला."

"माझा कसला हेतू?"

"आईनं सुरू केलं की तिच्या नावावर बाबांनाही महिन्याला चारेकशे वाढून मिळतात. ते तिनं अर्ज करेपर्यंत मिळत नाहीत. मग तू बोटीच्या हप्त्यात सवलत मागणार. मागच्या महिन्यात मागितलीच होतीस."

कोल्बीचे कान लाल झाले. "आमिषाचे भाव ठाऊक आहेत का तुला? ऑफिसात गरम हवेत बसून बोलायला काय जातं!"

लोर्ना पाव कापत होती. गेली चाळीस मिनिटं ती उभीच होती आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. तिला वाटलं, ही दोघं माझ्याबद्दल बोलतायत, पण माझ्याशी कुणीच बोलत नाहीये. मी म्हणजे जणू धक्क्याला बांधलेली होडी, विकायची की ठेवायची एवढाच प्रश्न.

"तिला जे हवं ते करू दे," मर्ल म्हणाला. "मी नाही का बासष्टच्या वाढदिवसालाच सुरू केलं? माझ्या बापानंही तेच केलं. सरकारकडं पैसे ठेवायचे म्हणजे मांजराकडं लोणी ठेवायचं."

"आणि किती मिळतात तुम्हाला, बाबा?"

 ट्रीनानं दुसरा कागद त्याच्यासमोर सरकवला. "चारशे बारा. चाळीस वर्षं समुद्रावर, आणि चारशे बारा."

त्या कागदावर वर्षांची रांग होती आणि प्रत्येक वर्षापुढं त्या वर्षाची कागदावरची कमाई. मर्लच्या रांगेत तीन हजार, बावीसशे, शून्य, शून्य, चार हजार, शून्य असे आकडे होते. कोल्बीनं वाकून बघितलं. "नव्याण्णव साली शून्य? अहो बाबा, नव्याण्णव साली तर तुम्ही नवी गाडी घेतली! रोख! सगळ्या हार्बरभर मिरवली होती."

"गाडी घेतली म्हणूनच शून्य," ट्रीना म्हणाली.

आमच्या हार्बरात याला चोरी म्हणत नसत, अक्कल म्हणत. अर्धी शेवंडं धक्क्यावर पावती घेऊन विकायची, अर्धी रस्त्यावर थांबलेल्या ट्रकवाल्यांना, नोटा मोजून. जो सगळं लिहून द्यायचा त्याला लोक भोळा म्हणायचे आणि त्याच्या बायकोची कीव करायचे. पेन्शन त्या लिहिलेल्या कमाईवरच ठरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बासष्ट वर्षांचं होणं हे तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी असायचं. आवळा वाचवायला सगळ्यांनी कोहळा घालवला.

"झालं ते झालं," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. मुलांसमोर त्याला कधी कुणी असं उघडं केलं नव्हतं.

लोर्नाला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. "जेवा आता," ती म्हणाली.

सगळे जेवायला लागले.  कोबीची कोशिंबीर फिरली, लाल सॉसेजं फिरली. मग ट्रीनानं आईचा कागद पुन्हा हातात घेतला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ही पोरगी लहानपणापासून अशीच, कुठं सांड-लवंड दिसली की पुसल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"आई, तुझा कागद बाकी बघण्यासारखा आहे. सतराव्या वर्षी तारली मासे डब्यात भरायच्या कारखान्यात लागलीस तेव्हापासून एक एक वर्ष आहे. आमच्या जन्माच्या वेळची सोडून. पण मध्ये ही सात वर्षं कोरी आहेत. चौऱ्याण्णव ते दोन हजार. तेव्हा तू काय करत होतीस?"

लोर्नानं सुरी खाली ठेवली.

चौऱ्याण्णव साली तारल्यांचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी मर्लच्या बोटीवरचा गडी सोडून गेला. मग सात वर्षं, एप्रिल ते डिसेंबर, पहाटे चारला ती मर्लच्या बोटीवर जायची. आमिष पिशव्यांत भरायचं, ओढलेला सापळा रिकामा करायचा, शेवंडांच्या नांग्यांना रबर लावायचे, सापळा परत ढकलायचा. दिवसाला अडीचशे सापळे. अंगठे तिथंच गेले, कारखान्यातल्या तारल्या कापायच्या कात्रीनं नव्हे. घरी येऊन हीच दोन मुलं, हीच सासू, हाच शनिवारचा घेवडा.

"तुझ्या बापाच्या बोटीवर होते," ती म्हणाली.

ट्रीनानं चष्मा काढला. तिला आठवत होतं. नऊ वर्षांची होती तेव्हा ती. आईच्या अंगाला यायचा तोच वास आज कोल्बीच्या अंगाला येत होता. "हो... पण मग कागदावर का नाही? बाबा, तुम्ही आईला पगार दाखवला नाहीत?"

"पगार कसला?" मर्ल म्हणाला. "ती घरचीच. घरच्या माणसाला कुणी पगार लावतं का? उगाच दोन्हीकडून कर भरायचा!"

"पस्तीस वर्षांची सरासरी काढतात, बाबा. आईची बत्तीस भरतात. तीन शून्यं धरली जातात." ट्रीना आईकडं वळली, आणि तिच्या डोळ्यांत ते हिशेबाचं तेज आलं. "म्हणजे आई, फार नाही. अजून तीन वर्षं काम केलंस ना, तर ती शून्यं निघून जातील. तोपर्यंत नोकरीतला आजारपणाचा विमाही चालू राहील. मग काम सोड. पेन्शन नंतर बघू."

लोर्ना खुर्ची ओढून बसली.  बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. चढवायला अंगात काही उरलंच नव्हतं.

"ट्रीना, ती वर्षं मी एकदा केलीयत. तू म्हणतेस परत कर."

ट्रीनानं कागद खाली ठेवला.

"मी रागावले नाहीये. मी दमलेय. हे दोन वेगळे असतात. पहाटे तीनला गजर होतो ना, तेव्हा रोज मला रडू येतं. रोज. मग मी उठते, अंडी फोडायला जाते. दोनशे चाळीस माणसांसाठी."

हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मर्लनं मान वर केली. त्याच पलंगावर तो झोपत होता, तरी त्याला ठाऊक नव्हतं.

"मग जानेवारीतच घे," कोल्बी म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात बोटीचा हप्ता नव्हता. "चौदाशे तर चौदाशे. बाबांचे चारशे वाढतील. भागेल तुमचं."

"भागेल?" ग्रॅमी मध्येच म्हणाली, आणि सगळे दचकले. ती इतका वेळ घेवड्यात पाव बुडवत होती. "तुझा आजाही हेच म्हणाला होता. बासष्टला सुरू केलं, चौसष्टला गेला. तेवीस वर्षं मी त्याच्या त्या अर्ध्यामुर्ध्या पैशावर काढतेय. काढतेय कसली! या लोर्नाच्या जिवावर काढतेय. माझी औषधं कोण आणतं? माझे बूट कुणी घेतले? मला काय आवडतं असं मागच्या खोलीत बसून, सुनेनं वाढलं की खायचं, नाही वाढलं की..."

"मी कधी वाढलं नाही, ग्रॅमी?"

"तू वाढतेस गं. तेच तर म्हणतेय. ट्रीनाचा नवरा वाढेल का तुला, ते बघ."

म्हातारीनं घाव नेमका घातला. ट्रीनाचा नवरा चांगला होता, पण लोर्ना त्याच्या घरी दोन रात्रींवर कधी राहिली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर ट्रीनाची मागची खोली आली, कपडे धुवायच्या मशीनशेजारची. तिथं खाटेवर बसलेली आपण. औषधासाठी मुलीकडं हात पसरणारी. मर्ल तिच्या आधी जाणार, हे त्या घरात न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घरातला कुठलाच पुरुष सत्तर ओलांडत नाही. म्हणजे त्यानंतरची वीस वर्षं चौदाशेवर. इकडं आड, तिकडं विहीर. आणि आडात ढकलणारी, विहिरीत ढकलणारी, सगळी आपलीच माणसं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिनं दुखरा अंगठा चोळला आणि एकदम कोल्बीकडं बघितलं.

"केंड्रा किती दिवस येतेय तुझ्या बोटीवर?"

"जूनपासून. का?"

"पगार कागदावर देतोस?"

कोल्बी हसला, मग बहिणीकडं बघून हसणं आवरलं. "आई, आता तू पण? केंड्राला कसला पगार? ती घरचीच..."

"पुरे," मर्ल म्हणाला.

तो इतक्या जोरात म्हणाला की ग्रॅमीलाही पहिल्या वेळेत ऐकू गेलं.

"काय पुरे? तुम्हीच आत्ता..."

"मी म्हणालो. तू म्हणू नकोस." मर्लनं ताट बाजूला सारलं. तो कुणाकडं बघत नव्हता. "मी म्हणालो तेव्हा मला ते बरोबर वाटत होतं. तुझ्या तोंडून ऐकलं आणि लाज वाटली. सोमवारी ट्रीनाकडं जा आणि केंड्राचं नाव घाल. जूनपासूनचं. कर भरावा लागला तर भर. बोटीचा हप्ता दोन महिने देऊ नकोस, त्यातून भर."

कोल्बीनं ताटाकडं बघत मान हलवली. 

"आणि माझं?" लोर्ना म्हणाली. "माझं नाव कुठल्या सोमवारी घालणार?"

मर्लनं बायकोकडं बघितलं. हा प्रश्न पंचवीस वर्षं त्या घरात होता. विचारला आज गेला.

"तुझं आता घालता येत नाही. मला ठाऊकाय." तो थांबला. त्याला बोलायची सवय नव्हती, हुकूम द्यायची होती. "धक्क्यावर शेवंडं विकत घेणाऱ्या हर्शेलनं ऑगस्टात मला विचारलं होतं. काट्यावर बसायला माणूस हवा म्हणून. वजन करायचं, पावत्या फाडायच्या. स्टुलावर बसून. गुडघ्याचं काम नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" ट्रीनानं विचारलं.

"म्हणालो, मी शेवंडं पकडतो, दुसऱ्याची तोलत नाही."

हे त्यानं नक्कीच चार माणसांत म्हटलं असणार, आणि माणसं हसली असणार. लोर्नाला ते हसणंही ऐकू आलं.

ट्रीनानं लगेच पेन काढलं. "बाबांना पगार आला तर आई जानेवारीत काम सोडून पेन्शन मात्र थांबवू शकते! सोडणं आणि सुरू करणं एकाच दिवशी असलं पाहिजे असं कुठाय? मीच मघापासून दोन्ही एकत्र धरून चाललेय. तीन शून्यं राहतील, दोन हजारांत थोडे कमी होतील..."

"होऊ देत."

"विम्याचं मात्र..."

"विम्याचं तू बघ."

"बघते," ट्रीना म्हणाली. "कमाई कमी झाली तर सरकारी मदतीत स्वस्त मिळतो. ते मी बघते, आई."

लोर्नानं हात टेबलावर सपाट ठेवले. मर्लकडं सरळ बघत ती म्हणाली, "ऐक. जानेवारीत मी काम सोडणार. पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी. सत्तर नाही, बासष्ट नाही. मधली पाच वर्षं तुझी."

"माझी."

"हिवाळ्यातही. बर्फातही. हर्शेल तुझ्यावर ओरडला तरी."

"हर्शेल माझ्यावर ओरडेल?" मर्लची मान जुन्या सवयीनं ताठ झाली, मग त्यानं तीच खाली घातली. "ओरडला तरी."

तिला वाटलं होतं, असं काही तो कधी बोललाच तर आपल्याला रडू येईल, किंवा हसू. यातलं काहीच आलं नाही. पंचवीस वर्षं उशीर झाला की चांगल्या गोष्टीलाही चव राहत नाही. फक्त पाठीचा कणा खुर्चीला टेकला, आणि तो किती वेळ टेकला नव्हता हे तिला कळलं.

"आत्ता फोन कर," ती म्हणाली.

"आत्ता? जेवताना?"

"कर," ग्रॅमी म्हणाली. "सोमवारपर्यंत तू पुन्हा तुझ्या बापासारखा हटून बसशील."

मर्ल उठला. गुडघे कडकडले. भिंतीवरच्या फोनपर्यंत जायला त्याला टेबलाचा आणि मग फ्रीजचा आधार घ्यावा लागला. आमच्या हार्बरात शेवंडांच्या दरावरून हर्शेलशी तीस वर्षं भांडलेला माणूस तो. एकदा त्यानं काट्यावरची पाटी उचलून पाण्यात फेकली होती. आता तो पाठमोरा उभा होता आणि तिघंही त्याच्या पाठीकडं बघत होते. लोर्ना बघत नव्हती. ती आपल्या ताटातला गार घेवडा खात होती, दिवसातला पहिला सावकाश घास.

"हर्शेल? मर्ल बोलतोय. ...नाही, बोटीचं काही नाही. ते काट्यावरचं काम. दिलंस का कुणाला?" पलीकडून मोठं हसणं ऐकू आलं, टेबलापर्यंत. मर्ल ते संपेपर्यंत थांबला. "गंमत नाही करत. मलाच हवंय. ...हो, हिवाळाभर. ...रोख नको. कागदावर. सगळं कागदावर."

मग बराच वेळ तो नुसतं "हं, हं" करत राहिला. ट्रीनानं पेन खाली ठेवलं होतं. कोल्बी नखानं टेबल खरवडत होता.

मर्ल फोनवर हात ठेवून वळला. त्याचा चेहरा एकदम शाळेतल्या पोरासारखा गोंधळलेला होता. "हर्शेलकडची पॉलिन कागद भरायला बसलीसुद्धा. माझा सरकारी पेन्शनचा, सोशल सिक्युरिटीचा नंबर मागतेय." त्यानं खिसे चाचपले, भिंतीकडं बघितलं, मग टेबलाकडं. सहासष्ट वर्षांच्या माणसाला आपला नंबर स्वतः सांगायची वेळ कधी आलीच नव्हती; त्याचे कागद नेहमी लोर्नानंच भरले होते.

लोर्नानं मान वर केली नाही. घास गिळला, आणि नऊच्या नऊ आकडे एकापाठोपाठ एक सांगितले. थांबत थांबत, म्हणजे त्याला मागोमाग म्हणता येईल.